वेशीबाहेरच्या मुठीची कहाणी

ऐका भैरोबा देवा, तुमची कहाणी. बायांनो, उजव्या मुठीत पीठ धरा. मूठ फार आवळू नका, फार सैल सोडू नका. बाहेर कुत्री भुंकतायत, ती भुंकू देत. त्यांच्याच घरची कहाणी आहे, त्यांनी नाही भुंकायचं तर कुणी भुंकायचं?

नगर होतं आटपाट. नगराला तट होता, तटाला वेस होती, वेशीबाहेर भैरोबाचं देऊळ होतं, आणि देवळाच्या पलीकडे नुसता माळ होता. त्या नगरात एक रीत होती. जनावर कामातून गेलं की त्याला वेशीबाहेर सोडायचं. बैल थकला, म्हैस आटली, घोडा लंगडला, की घरच्या बाईनं त्याच्या कपाळी हळदकुंकू लावावं, तोंडात गुळाचा खडा द्यावा, वेशीबाहेर न्यावं, गळ्यातली दोरी सोडावी आणि घरी यावं. येताना मागं वळून पाहू नये. पाहिलं तर पाप लागतं, असं म्हणत. पाप कशाचं, ते कुणी विचारलं नाही. मला विचाराल तर पाहवत नसे, म्हणून पाहणं पाप ठरलं.

त्या नगरात म्हादू कुंभार राहात होता. त्याची बायको गोजरा. घरात चाक होतं, मडकी भाजायचा आवा होता, आणि माती वाहायला पवळी नावाची गाढवी होती. पवळीनं वीस वर्षं माती वाहिली. एके दिवशी ती खाणीत घसरली, तिचा मागचा पाय मोडला. पाय जुळला, पण वाकडा जुळला. मग म्हादू म्हणाला, "गोजरे, ही आता ओझं नेणार नाही. हिला सोडून ये." म्हादू वाईट नव्हता. घरात भाकऱ्या दोन आणि त्यातली एक अर्धी, असं त्यांचं चाललं होतं.

मग गोजरानं पवळीच्या कपाळी हळदकुंकू लावलं. तोंडात गूळ दिला. वेशीबाहेर नेलं, दोरी सोडली, आणि ती माघारी फिरली. एक पाऊल टाकलं, दुसरं पाऊल टाकलं, तिसऱ्या पावलाला तिनं मागं वळून पाहिलं. पवळी होती तिथंच उभी होती. गूळ चघळायचा विसरली होती, आणि दोरी नव्हती तरी बांधल्यासारखी उभी होती. गोजराला रडू कोसळलं. ती भैरोबाच्या पायरीवर जाऊन बसली, आणि पवळी लंगडत येऊन तिच्या शेजारी उभी राहिली.

देवळात एक गोसावी उतरला होता. त्याच्यापाशी तीन पायांचं एक काळं कुत्रं होतं. गोसाव्यानं विचारलं, "बाई, का रडतेस?"

गोजरा म्हणाली, "बाबा, मी मागं पाहिलं. आता हिला घरी नेता येत नाही, आणि हिला टाकून मला जाता येत नाही."

गोसावी म्हणाला, "मग हिला इथंच ठेव. मी तुला एक वसा सांगतो. पण तू थकशील आणि टाकून देशील."

गोजरा म्हणाली, "थकेन बाबा, पण टाकणार नाही."

मग गोसाव्यानं वसा सांगितला. "कार्तिक वद्य अष्टमीला आरंभ करावा. गावातल्या घरोघर एक गाडगं द्यावं. बाईनं पीठ मळायच्या आधी एक मूठ त्या गाडग्यात टाकावी. दर अष्टमीला तू दारोदार जावंस, ती मूठ मागून आणावी आणि वेशीबाहेरच्या जिवांना घालावी. आलेल्याला नाही म्हणू नये, दिलेली मूठ मोजू नये, एकही दार चुकवू नये."

गोजरानं विचारलं, "ह्याचं उद्यापन कधी करू?"

गोसावी म्हणाला, "टाकलेलं जनावर जगात एकही उरलं नाही की कर." असं म्हणून त्यानं काळं कुत्रं तिच्या पायाशी ठेवलं. "हे घे. आता दोन झाली." आणि तो चालता झाला. वसा सांगणारे असेच असतात, बायांनो. सांगतात आणि वर एक कुत्रं देऊन जातात.

गोजरा घरी आली. म्हादूला म्हणाली, "मला चाळीस गाडगी करून द्या." गावात घरं चाळीस होती. म्हादूनं कपाळावर हात मारला. "घरात अर्धी भाकरी, आणि तू भैरोबाचा संसार मांडतेस?" असं म्हणाला, दिवसभर धुसफुसला, आणि चाकावर बसून चाळीस गाडगी करून दिली. त्यांच्या काठावर बोटानं एकेक रेघही ओढली, तेवढी ओढायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग गोजरा दारोदार गेली. सोनाराची सून हसली, म्हणाली, "सोडलेल्या जनावराला कुणी जेवू घालतं का?" कोष्ट्याची बायको म्हणाली, "आमचीच ताटं पुरत नाहीत बाई." वाण्याची बायको म्हणाली, "ठेव कोपऱ्यात. आठवण राहिली तर टाकीन." तटाला टेकून अगदी शेवटचं घर होतं, ते ठकूआजीचं. आजी एकटी, देवाच्या वाती वळून पोट भरायची. तिनं काही विचारलं नाही. गाडगं घेतलं, पुसलं, त्यात तेव्हाच एक मूठ नाचणीचं पीठ टाकलं. तिचा हात सुकून एवढासा झाला होता, तशीच मूठ होती.

गाडगं चुलीपाशी बसलं, ते रोज दिसायला लागलं. रोज समोर दिसणाऱ्याला बाई किती दिवस उपाशी ठेवील? पहिल्या अष्टमीला पाच घरची मूठ मिळाली. दुसऱ्या अष्टमीला बारा घरची मिळाली. तिसऱ्या अष्टमीला चाळीस घरची मूठ मिळाली, आणि कुठं ज्वारी, कुठं बाजरी, कुठं नुसता कोंडा, सगळं एका झोळीत आलं.

माळावर आडोसा नव्हता. मग म्हादूनं आव्यात तडकलेली मडकी आणली, एकावर एक रचली, मधे चिखल भरला, त्यांची भिंत केली. वारा सुटला की ती भिंत हूं हूं करी. दार नव्हतं, नुसती वाट होती. त्या वाटेनं आटलेली म्हैस आली. एका शिंगाची शेळी आली. हात भाजलेलं माकड आलं. आणि एक म्हातारा नंदीबैल आला, त्याचा मालक त्याला सोडून दुसऱ्या गावी गेला होता. त्या बैलाला कुणी काहीही विचारलं की तो मान हलवून हो म्हणे. जन्मभर तेच केलेलं, दुसरं काय करील? गोजरा रोज सकाळी त्याला विचारी, "नंदी, आज भागेल का रे?" तो मान हलवी. तेवढ्यावर ती चुलीपाशी जाई.

पायाला हळदतेल, जखमेला चुना, थंडीला गोणपाट, पोटाला कण्यांची पेज, असं चाललं. कुणाचं पोट गच्च भरत नव्हतं, कुणी उपाशी निजत नव्हतं. मग हळूच एके दिवशी कोष्ट्याची बायको आली. पदराखाली भाजीच्या साली होत्या. आटलेली म्हैस तिचीच होती. म्हणाली, "इकडून चालले होते." इकडून पुढं माळाखेरीज काही नव्हतं, पण गोजरानं म्हैस पुढं आणली. म्हशीनं साली खाल्ल्या आणि बाईचा हात चाटला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी इकडून चालल्या होत्या.

अशी तीन वर्षं गेली. मग एके दिवशी राजाची आवडती राणी मेण्यात बसून भैरोबाला आली. तिनं हूं हूं ऐकलं, मेणा थांबवला, मडक्यांच्या भिंतीआड डोकावली. पवळी पाहिली, माकड पाहिलं, नंदीबैल पाहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू, राणी मनानं चांगली होती. ती म्हणाली, "बाई, तू एकटी हे करतेस? आजपासून हे माझं. महिन्याला दहा पोती धान्य देईन, गाडीभर कडबा देईन, दगडी भिंत बांधून देईन. पण माझं दान घेतेस, तर दारोदार मूठ मागू नकोस. राणीनं दिलेलं पुरत नाही, असं लोक म्हणतील."

गोजराच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. चाळीस दारं, चाळीस उंबरे, उन्हाचं चालणं, "थांब, हात ओले आहेत" म्हणून दाराशी उभं राहणं. तुम्ही फिरला आहात, तुम्हाला ठाऊक आहे. तिनं नंदीबैलाला विचारलं, "मागणं सोडू का रे?" त्यानं मान हलवली. तो कशालाही हलवत होता, हे तिला ठाऊक होतं. पण त्या दिवशी तिला ते हो हवं होतं.

मग दगडी भिंत आली. भिंतीला दरवाजा आला, दरवाजाला कडी आली. तडकलेली मडकी फोडून वाटेत खडी म्हणून टाकली. पोती आली, कडबा आला, जनावरं धष्टपुष्ट झाली. अष्टमी आली, गोजरा गेली नाही. गावात बायांनी गाडगी पुढं काढून ठेवली होती. दुसरी अष्टमी आली, गोजरा गेली नाही. तिसरी अष्टमी आली, पिठात अळ्या झाल्या. बायांनी ते कोंबड्यांपुढं ओतलं, गाडगी धुतली आणि पालथी घातली. चाळीस दारं एका महिन्यात चुकली.

मग ठकूआजी स्वतःच माळावर आली. पदराच्या गाठीत नाचणीची मूठ होती. म्हणाली, "गोजरे, तू आली नाहीस, म्हणून मी आणली."

गोजरा पोत्यांच्या थप्पीपाशी उभी होती. म्हणाली, "आजी, एवढीशी मूठ, ती मी ओतू कशात? ती तुम्हालाच राहू द्या. तुमची एक वेळ निघेल." तिनं प्रेमानंच म्हटलं. प्रेमानं मोजली तरी मूठ मोजलीच. आजीनं गाठ परत बांधली. तिला नीट बांधता येईना. मग ती गेली.

मग एके दिवशी निरोप आला, उद्या राणीसाहेब मैत्रिणींना घेऊन जनावरं पाहायला येणार. त्याच दिवशी दरवाजाशी एक कुत्री आली. अंगभर खरूज, केस गेलेले, पोट जमिनीला लागलेलं, आज ना उद्या विणार अशी. गोजरानं कडी काढली नाही. फटीतून म्हणाली, "आज नको गं बाई, परवा ये." कुत्रीला परवा काय कळणार? ती थोडा वेळ उभी राहिली आणि माळाकडे चालू लागली. तेव्हा तीन पायांचं काळं कुत्रं कोपऱ्यातून उठलं, दरवाजाखालच्या फटीतून अंग ओढत बाहेर पडलं, आणि तिच्यामागं गेलं. ते परत आलं नाही. गोजरानं रात्री उशिरापर्यंत हाका मारल्या. मग राणीच्या मैत्रिणी आल्या, माकडाला केळी दिली, आणि त्या गडबडीत ती विसरली.

आलेल्याला नाही म्हटलं, दिलेली मूठ मोजली, दारं चुकवली. असा तिन्ही बाजूंनी वसा मोडला. आणि झालं काय? काहीच झालं नाही. पुढे काही महिने सगळं छान चाललं. वीज पडली नाही, देव कोपला नाही. मोडलेल्या वशाचं असंच असतं, ते लगेच कळत नाही.

मग आश्विन आला. पोती आली नाहीत. गोजराला वाटलं, उशीर झाला असेल. कार्तिक आला, पोती आली नाहीत. मार्गशीर्ष आला, पोती आली नाहीत. गोजरा राजवाड्यावर गेली. म्हणाली, "राणीसाहेबांना सांगा, वेशीबाहेरची गोजरा आली आहे." पहारेकरी म्हणाला, "कुठली राणी? तशी कुणी राणी इथं नाही." आणि त्यानं भाला आडवा धरला. गोजरा संतापली. मोठ्या घरची माणसं, चार दिवस हौस झाली आणि मन भरलं, असं तिला वाटलं. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

पौष आला. थंडी मी मी म्हणायला लागली. मग गोजरानं जुनी झोळी झटकली, गावात गेली. सोनाराच्या सुनेला म्हणाली, "मूठ वाढ गं." ती म्हणाली, "गाडग्यात आता लोणचं आहे." कोष्ट्याची बायको म्हणाली, "गाडग्यात तुळस लावली." वाण्याची बायको म्हणाली, "फुटलं ते." पीठ सगळ्यांच्या घरी होतं. पण ज्या हाताला तू लागत नाहीस म्हटलं, तो हात सहज पुढं येत नाही. एकोणचाळीस दारं झाली. चाळिसाव्या दाराशी, ठकूआजीच्या, तिचं पाऊल लाजेनं पडेना. ती तशीच माघारी आली.

पेज शिजवायला सरपण नव्हतं. मग म्हादूनं राणीचा दरवाजा उपटला, फोडला आणि चुलीत घातला. त्यावर शेवटचा कोंडा शिजला. पवळी बसली ती उठेना. एका शिंगाची शेळी त्या थंडीत मेली. ती मग उठून बसली असं मला सांगता आलं असतं, कहाण्यांत तसं सांगतात. पण मेली ती मेली, आणि गोजरानं तिला पोटच्या पोरीसारखं रडून मातीत ठेवलं. मग ती नंदीबैलापाशी गेली. त्याच्या गळ्यात हात घातला आणि विचारलं, "नंदी, बाकीची जगतील का रे?" नंदीबैलानं मान हलवली नाही. मान उचलायचं त्याला बळच नव्हतं.

गोजरा भ्याली. आजवर तो कशालाही नाही म्हणाला नव्हता. ती धावत भैरोबाच्या पायरीशी गेली. म्हणाली, "देवा, थकेन पण टाकणार नाही म्हटलं होतं. मी टाकला. शिक्षा मला कर, त्यांनी काय केलं?" इतक्यात वेशीतून तीन पायांचं काळं कुत्रं लंगडत जाताना दिसलं. गोजरा उठली, त्याच्यामागं चालू लागली. कुत्रं वेशीतून आत गेलं, तटाच्या कडेकडेनं गेलं, शेवटच्या घरी शिरलं.

ते ठकूआजीचं घर. आजी वाती वळत बसली होती. तिच्या बाजेखाली एक तांबूस कुत्री निजली होती, अंगावर नवे केस आलेले, आणि तिच्याभोवती चार वाढलेली पिलं. चुलीपाशी गाडगं होतं. म्हादूच्या बोटाची रेघ त्याच्यावर तशीच होती, आणि आत त्या सकाळची नाचणीची मूठ होती.

गोजरा उंबऱ्यातच बसली. म्हणाली, "आजी, तुम्ही अजून मूठ टाकता? मी तर न्यायला येत नव्हते."

आजी म्हणाली, "अगं, वसा तू एकटीनं घेतला होतास का? गाडगं तू आणलंस, मूठ माझी होती. तू आली नाहीस, ही आली. हिला घातली." मग तिनं वात खाली ठेवली. "पण मला फार लागलं होतं गोजरे. घरात देण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं, आणि ते तू परत दिलंस."

गोजरानं तिचे पाय धरले. दोघी रडल्या, पिलं मधे मधे तोंडं खुपसू लागली, मग दोघींना हसू आलं. आजीनं डोळे पुसले आणि काठी घेतली. "चल," म्हणाली, "मी येते. पण दाराशी नुसतं मागू नकोस. आधी काय केलंस ते सांग, मग माग."

मग दोघी सोनाराच्या दाराशी गेल्या. गोजरा म्हणाली, "बाई, राणीची पोती आली, तेव्हा मला तुमच्या मुठीची गरज वाटेनाशी झाली. माझं चुकलं. माझी जनावरं मरतायत. मूठ वाढ."

सोनाराची सून आधी लोणच्याचं म्हणाली होती. ती आता आत गेली, पिठाचा डबा उघडला, दाराशी आली. मूठ झोळीत टाकली आणि म्हणाली, "अजून रोज सकाळी हात अर्धा जातो बघ. मूठ भरते, आणि ठेवू कुठं म्हणून परत पिठातच टाकते. मला किती राग आला होता तुझा." कोष्ट्याच्या बायकोनं तुळस उपटली नाही, परातीतलंच पीठ दिलं आणि विचारलं, "माझी म्हैस आहे ना गं?" वाण्याच्या बायकोचं गाडगं फुटलेलं नव्हतं, ते तिनं फळीवरून काढलं. चाळीस दारांना गोजरानं चाळीस वेळा आपली चूक सांगितली. पहिल्या दाराशी जीभ जड होती, दहाव्या दाराशी हलकी झाली, चाळिसाव्या दाराशी तिला भूक लागली.

माळावर पेज चढली. काहीजणी सांगतात, त्या दिवशी भैरोबानं हंडा भरला. मी म्हणते, बायांनी भरला, आणि देवाला त्याचं वाईट वाटलं नसावं. पहिल्या दिवशी नंदीबैलानं पेज चाटली. दुसऱ्या दिवशी त्यानं मान उचलली. तिसऱ्या दिवशी पवळी वाकड्या पायावर उभी राहिली, आणि लगेच म्हादूचं धोतर चावू लागली. म्हादू रागावला, आणि खूप वेळ तसाच उभा राहून त्यानं तिला चावू दिलं.

चैत्र आला. एके दिवशी वेशीबाहेर एक बाई एकटी उभी दिसली. अनवाणी होती, लुगडं भारी होतं पण चुरगळलेलं होतं. कपाळभर हळदकुंकू फासलेलं, आणि हातात गुळाचा खडा, घामानं पाघळलेला. ती आवडती राणी होती. राजानं दुसरी राणी केली होती. हिला मूल झालं नाही, ही कामातून गेली, असं म्हणाला होता. आश्विनात तिला मागच्या दालनात कोंडलं, तिचं नाव घ्यायची बंदी केली, आणि आज वेशीबाहेर सोडलं. पोहोचवायला आलेल्या दासी मागं न बघता गेल्या.

त्या दिवशी अष्टमी होती, बाया पेज ढवळायला आल्या होत्या. कुणी नाक मुरडलं, कुणी म्हटलं, "हिच्यापायी शेळी गेली." गोजरालाही शेळी आठवली. तिला राग आला. मग तिची नजर त्या कपाळावर गेली. तेच हळदकुंकू, तोच गूळ, आणि तेच उभं राहणं, दोरी नसताना बांधल्यासारखं. गोजरा पुढं झाली. आपल्या पदरानं तिनं राणीचं कपाळ पुसलं.

राणी म्हणाली, "बाई, मला सांगायला येता आलं नाही. मला इथं राहता येईल का?"

सगळ्या एकमेकींकडे पाहात राहिल्या. तेव्हा पलीकडून नंदीबैलानं मान हलवली. एकदा हलवली, दोनदा हलवली, तीनदा हलवली. आधी ठकूआजी हसली, मग सगळ्या हसल्या, आणि राणी जी रडायला लागली ती हसता हसता रडली. गोजरा म्हणाली, "चल, हात धू. पेज ढवळायची आहे." दरवाजा नव्हताच, ती नुसती वाटेनं आत आली.

पुढच्या अष्टमीला झोळी राणीच्या खांद्यावर होती. पहिल्या दाराशी तिला मागता येईना, तोंडातून शब्द फुटेना. सोनाराच्या सुनेनं वाट पाहिली, घाई केली नाही. शेवटी राणीनं नुसती ओंजळ पुढं केली. मग दुसऱ्या दाराशी एक शब्द आला, तिसऱ्या दाराशी दोन आले. ठकूआजीच्या दाराशी ती म्हणाली, "आजी, मूठ वाढा." आजीनं नाचणीची मूठ वाढली. राणीनं ती दोन्ही हातांत घेतली, डोक्याला लावली आणि झोळीत घातली.

मग एक दिवस तो गोसावी परत आला. गोजरा त्याच्या पाया पडली. म्हणाली, "बाबा, थकले. आणि टाकलाही."

गोसाव्यानं माळावर पाहिलं. पवळी होती, माकड होतं, मागं चार पिलं पळत होती, दगडी भिंतीला जोडून रचलेली मडक्यांची नवी भिंत हूं हूं करत होती. तो म्हणाला, "आणि मग?"

ती म्हणाली, "मग परत उचलला."

गोसावी म्हणाला, "तो वसा पहिल्यापेक्षा मोठा." आणि झोळीतून एक पंख तुटलेला पोपट काढून तिच्या हातावर ठेवला. गोजरानं त्याला नाही म्हटलं नाही. म्हादूनं कपाळावर हात मारला आणि मडकं शोधायला गेला.

राजाचं काय झालं, असं विचारू नका. राजाची कहाणी त्याच्या घरी वाचतील. जनावरं अजून वेशीबाहेर येतात, आणि उद्यापन अजून झालेलं नाही. पण त्या नगरातली बाई आता गूळ देऊन पळत नाही. जनावर तो खाईपर्यंत थांबते, गोजराच्या वाटेवर सोडते, आणि जाताना मागं वळून पाहते.

बायांनो, आता मुठीतलं पीठ समोरच्या गाडग्यात टाका. कुणाची मूठ केवढी, ते शेजारणीनं पाहू नये. भैरोबा जसा गोजराला पावला, म्हातारीला पावला, वेशीबाहेर सोडलेल्या राणीला पावला, तसा तुम्हां आम्हां पावो. हातून वसा सुटला तर परत उचलायचं बळ देवो, आणि आपल्याला कुणी सोडलं तर मागं वळून पाहणारं माणूस देवो. चाळीस दारांची कहाणी एका मुठीत सुफळ झाली, संपूर्ण झाली. घरी जा, पण वेशीपाशी एकदा मागं वळून पाहा.